चार मिनिटांत निवडलेल्या कॅम्पेनबद्दल : रविवारच्या टेबलाला खुलं पत्र

डीएम, पॅलादिन, विझार्ड, बार्बेरियन आणि रोग,

मंगळवारी रात्री अकरा दहाला ग्रुपवर पोल पडला. ‘पुढचं कॅम्पेन?’ पर्याय दोनच. एक, ‘डी अँड डी, नवीन जग’. दोन, ‘डी अँड डी, जुनंच जग, नवीन कॅरेक्टर’. (बाहेरच्यांसाठी : डी अँड डी म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, टेबलाभोवती बसून गोष्ट सांगत, फासे टाकत खेळायचा खेळ. डीएम जग आणि राक्षस चालवतो, बाकीचे एकेक कॅरेक्टर : पॅलादिन धर्मयोद्धा, विझार्ड जादूगार, बार्बेरियन रांगडा लढवय्या, रोग म्हणजे इंग्रजीतला चोरटा आणि मी क्लेरिक, म्हणजे पुजारीण. अनेक बैठकांची एक लांब गोष्ट म्हणजे कॅम्पेन, कॅरेक्टरच्या ताकदीची पायरी म्हणजे लेव्हल.) अकरा चौदाला निकालही लागला. मी तेव्हा दुसऱ्या दिवसाच्या डब्यासाठी गवार निवडत होते. पाव किलो गवार निवडायला मला पंचवीस मिनिटं लागली. पुढची दोन वर्षं आपण काय खेळणार, हे ठरवायला तुम्हाला चार पुरली.

हे ग्रुपवरच का लिहिलं नाही, असं कुणी विचारेल. लिहिलं होतं. त्यावर तीन अंगठे आले, एक नाचणारा गोब्लिन आला आणि मग विषय मेगाब्लॉककडे वळला. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. दुसरंही कारण आहे. पाचव्या लेव्हलला पोचून गपगार झालेल्या कॅम्पेनची कॅरेक्टर शीट्स (कॅरेक्टरचे आकडे लिहिलेले कागद) आपल्यासारखी कुणाकुणाच्या कपाटात पडून असतील. त्यांनीही वाचावं.

या सगळ्यात माझं काय जातं? पहिलं म्हणजे टेबल माझं आहे. साडेतीन वर्षं डोंबिवलीतल्या माझ्या जेवणाच्या टेबलावर तुमचे फासे गडगडताहेत. चिवड्यातले शेंगदाणे मी सोफ्याच्या फटीतून काढते. सासरे दर वेळी दारातून डोकावून ‘आज किती मेले?’ विचारतात आणि आकडा ऐकून समाधानाने चहाला जातात. दुसरं म्हणजे वही. प्रत्येक सेशनची बखर मी लिहिते. पहिल्या कॅम्पेनची चौदा सेशन, दुसऱ्याची सतरा. पहिल्या वहीतली शेवटची ओळ आहे : ‘गुहेच्या तोंडाशी पोचलो. आतून कुणीतरी गातंय.’ त्यापुढे कोरी पानं. आत कोण गात होतं, ते आपल्यातल्या पाच जणांना आजतागायत माहीत नाही. सहाव्याला माहीत असावं, पण तो बोलत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर पॅलादिन म्हणेल की ही डी अँड डीवर उठली आहे. तसं नाही. १९७४मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो खेळ काढला नसता, तर या प्रकारचं काही खेळायला आपण जमलोच नसतो. मी हा खेळ पाचव्या आवृत्तीच्या स्टार्टर सेटवर शिकले. रस्त्यात दोन मेलेले घोडे, झुडपात गोब्लिन आणि माझी क्लेरिक पहिल्याच बाणात आडवी. ती संध्याकाळ मला अजून आठवते. डी अँड डी चांगलाच खेळ आहे. तो आपल्याला, आपल्या रविवारांना आणि आपल्या बोलण्याला बसत नाही, एवढंच माझं म्हणणं. चपलेत खोट नाही, माप चुकलं आहे.

तक्रारी सांगते.

पहिली तक्रार लढाईची. पावसाळ्यातला तो पुलावरचा हल्ला आठवा. समोर सहा हॉबगोब्लिन, इकडे आपण पाच. मी वहीच्या कडेला वेळ टिपली होती. चार वाजून पाच मिनिटांनी इनिशिएटिव्ह (कुणाची पाळी कधी ते ठरवणारा फासा) टाकला, सव्वापाचला शेवटचा हॉबगोब्लिन नदीत पडला. चार राउंड झाले, म्हणजे प्रत्येकाच्या चार पाळ्या. एक राउंड म्हणजे सहा सेकंद. म्हणजे चोवीस सेकंदांच्या चकमकीला आपण एक तास दहा मिनिटं दिली. त्यातली अकरा मिनिटं विझार्डच्या फायरबॉलची, म्हणजे जादूच्या आगगोळ्याची. वीस फुटांची त्रिज्या, पाच फुटांचे चौकोन, मग पूल किती रुंद, बार्बेरियन त्यात येतो का, आला तर त्याला वाचायची संधी दोन फाशांनी मिळते का. (मिळते. त्याला समोरून येणारा धोका दिसतो. हे शोधायला पुस्तकाची आठ पानं उलटली.) तेवढ्यात रोगची पाळी आली. बाण मारला, फाशावर सात पडले. ‘हुकलं. पुढे?’ त्यानंतरची सतरा मिनिटं तो फोनमध्ये होता आणि मी त्याला दोष देत नाही. वीस बाजूंच्या फाशावर हुकलं की बहुतेकदा काही म्हणजे काहीच घडत नाही. गोष्ट इंचभरही हलत नाही आणि तुमचा नंबर पुन्हा रांगेच्या शेवटी.

त्यात आता नियमही दोन झालेत. आपल्यात तिघे २०१४च्या नियमपुस्तकावर खेळतात, दोघे २०२४च्या. जुन्यात पॅलादिनचा स्माइट (दैवी तडाखा) वार लागल्यावर वेगळी कृती न लागता जोडता येतो. नव्यात तो स्पेल (मंत्र) आहे आणि त्याला बोनस ॲक्शन, म्हणजे पाळीतली जादा कृती, लागते. यावर गेल्या डिसेंबरात वीस मिनिटं वाद झाला आणि शेवटी पॅलादिन गॅलरीत जाऊन उभा राहिला. शपथ घेतलेला धर्मयोद्धा आमच्या कुंड्यांत बोट घालून माती ओली आहे का बघत होता.

दुसरी तक्रार हजेरीची, ही थोडक्यात. सहाच्या सहा जण आले अशी सेशन मी वहीत मोजली. एकतीसपैकी नऊ. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, मार्चअखेर, कुणाचं बाळ, कुणाची ऑन-कॉल. हे बदलणार नाही. आपण चाळिशीतली माणसं आहोत. पण आपलं कॅम्पेन अशा रीतीने रचलेलं असतं की गुहेच्या मधोमध सेशन थांबतं आणि पुढच्या वेळी दोघे नसतात. मग त्यांची कॅरेक्टर ‘मागे तंबूत झोपली आहेत’. बार्बेरियन आजवर सहा वेळा तंबूत झोपला आहे. एवढी झोप खऱ्या आयुष्यात मिळाली असती, तर तो ग्रुप सोडून गेला असता.

तिसरी तक्रार भाषेची, आणि माझ्या मनाला हीच सगळ्यात जास्त लागते. आपण सहाही जण मराठी. चहा मराठीत, भांडण मराठीत, चिवड्यात मनुके असावेत की नसावेत हा वाद मराठीत. फासे हातात आले की मात्र तोंडात दुसरीच भाषा येते. ‘आय वुड लाइक टु मेक अ परसेप्शन चेक.’ (म्हणजे काय दिसतंय, काय ऐकू येतंय, ते फाशावर ठरवू द्या.) आपला रोग (या नावावरून सासऱ्यांनी ‘त्याला काय झालंय?’ असं काळजीने विचारलं होतं) तीन वर्षांत सगळ्यात कमी बोललाय. एकदाच, फक्त एकदाच, त्या मठाच्या तळघरात तो हळूच म्हणाला, ‘मी दाराला कान लावतो. श्वास रोखून.’ सगळं टेबल पुढे झुकलं. मी लिहायची थांबले. आणि डीएम, तू म्हणालास, ‘रोल परसेप्शन.’ तो शीटवर आकडा शोधायला लागला आणि श्वास तिथेच सुटला. तू काही चुकीचं केलं नाहीस. नियम तसेच आहेत. पण नियम आधी आणि माणूस काय करतोय ते नंतर, अशी सवय आपल्याला लागली आहे.

चौथी तक्रार डीएमच्या वतीने, त्याला न विचारता. तू दर सेशनच्या आधी दोन रात्री जागतोस. नकाशे काढतोस, राक्षसांचे आकडे जुळवतोस आणि आम्ही डावीकडे वळायचं तिथे उजवीकडे वळतो. दोन्ही कॅम्पेन मोडली ती तू थकलास म्हणून. तू ‘ऑफिसात काम वाढलंय’ म्हणालास, आम्ही ‘हो हो’ म्हणालो. आता त्याच खांद्यावर पहिल्या लेव्हलपासून विसाव्यापर्यंतची नवी कावड ठेवतो आहोत. ती कावड सहाव्या लेव्हलच्या वर एकदाही चढलेली नाही.

आता पर्याय. नुसती नावं ठेवायला मी दोन हजार शब्द खर्च करणार नाही.

माझं मत ‘ब्लेड्स इन द डार्क’ला. जॉन हार्पर यांचा खेळ, पुस्तक २०१७चं. त्याचे मूळ नियम इंटरनेटवर मोफत आहेत, म्हणजे बघायला पैसे लागत नाहीत. खेळाडू एका टोळीतले. टोळी आधी ठरवायची : चोर, तस्कर, मारेकरी, गुंड, चोरट्या मालाचे विक्रेते किंवा एखादा गुप्त पंथ. शहराचं नाव डोस्कव्होल. तिथला सूर्य केव्हाच फुटून गेलाय. मेलेल्यांना पलीकडे जाता येत नाही, म्हणून भुतं गल्लीबोळात. शहराभोवती विजेच्या भिंती आणि ती वीज समुद्रातल्या राक्षसी जनावरांच्या रक्तातून काढलेली. पुस्तकात सुरुवातही तयार आहे. एका मोहल्ल्यात दोन टोळ्यांचं युद्ध पेटलंय. त्यातल्या एकीचा म्होरक्या बाझो बाझ तुम्हाला समोर बसवून विचारतो, ‘तुम्ही कुणाच्या बाजूने?’ पहिल्या पाच मिनिटांत हा प्रश्न. सराईमध्ये भेटलेला म्हातारा नाही, नकाशा नाही.

फासे साधे, सहा बाजूंचे. ल्युडोच्या डब्यातले चालतात. हातात जितके फासे, त्यातला मोठा आकडा धरायचा. सहा आला तर काम फत्ते. चार-पाच आला तर काम होतं, पण काहीतरी किंमत मोजून. तीन किंवा खाली आला तर फसलं आणि वर संकट. दोन फासे टाकले तर छत्तीसपैकी अकरा वेळा निखळ यश, सोळा वेळा ‘हो, पण’ आणि नऊ वेळा फजिती. ‘हुकलं, पुढे?’ हा निकालच इथे नाही. प्रत्येक फाशानंतर काहीतरी हलतं. आणि डीएम, इथे तुझ्या राक्षसांसाठी तुला फासे टाकावे लागत नाहीत. ते काय करणार, हे आमच्या फाशांतूनच निघतं. इनिशिएटिव्हची रांगही नाही.

एक सेशन म्हणजे साधारण एक मोहीम : एक चोरी, एक अपहरण, एक दगाफटका. काम झालं की सगळे अड्ड्यावर परत. पुढच्या वेळी जे येतील ते जातील. जो आला नाही, तो अड्ड्यावर जखमा शेकत बसलाय किंवा गुत्त्यात पैसे उधळतोय. त्याला तंबू लागत नाही. टोळी मात्र तीच राहते. तिची पत वाढते, पोलिसांचा ससेमिराही वाढतो. म्हणजे कॅम्पेन चालू राहायला सगळ्यांच्या हजेरीची गरजच नाही. तीन जण आले तरी रविवार साजरा.

आणि आपला खरा आजार, म्हणजे बेत आखणं. त्या किल्ल्याच्या दरवाजाबाहेर आपण पूर्ण सेशन घालवलं होतं आणि शेवटी बार्बेरियनने दार तोडलं. ब्लेड्समध्ये बेत आखायचाच नाही. कसं घुसणार एवढं एका वाक्यात सांगायचं, एकदा फासे टाकायचे, की तुम्ही थेट आत. सोबत काय घेतलंय तेही आधी ठरवायचं नाही. फक्त ओझं हलकं, मध्यम की जड एवढंच सांगायचं. अडलं की म्हणायचं, ‘याची तयारी मी परवाच केली होती,’ आणि तो मागचा प्रसंग तिथल्या तिथे खेळायचा. त्याचा ताण कॅरेक्टरवर चढू शकतो. ताणाच्या चौकटी नऊ. त्या भरल्या की माणूस त्या मोहिमेतून बाद होतो आणि मनावर कायमचा ओरखडा राहतो. असे चार ओरखडे झाले की त्याने धंदा सोडायचा.

हे मी फक्त वाचून सांगत नाही. मे महिन्यात माहेरी, कुडाळला, पडवीत एक डाव मांडला. भाची, भाचा आणि मामेभाऊ. मामेभाऊ जत्रांमध्ये दशावतारात काम करतो. असा खेळ त्याने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. गोदामात चोरायला शिरायचं होतं. दारावर पहारेकरी. भाची अडकली. म्हणाली, ‘मी याला ओळखते. परवा याच्या मुलाला औषध आणून दिलंय.’ मी एक ताण लावला आणि म्हटलं, दाखव तो प्रसंग. मामेभाऊ लगेच पहारेकरी झाला. कुणी सांगितलं नव्हतं. आवाज खाली आला, हात जोडले गेले, डोळ्यांत पाणी. भाचीला पुढे बोलायला सुचेना. फासा टाकला, पाच आले. पहारेकऱ्याने दार उघडलं आणि म्हणाला, ‘मीही येतो तुमच्याबरोबर.’ आता ही ब्याद सोबत घेऊन चोरी करायची! अर्धा तास आम्ही हसत होतो.

नंतर मी त्याला विचारलं, तुम्ही संवाद पाठ करता का? म्हणाला, ‘लिवलेला कायच नाय. सगळा थंयच्या थंय.’ आख्यान तेवढं ठरलेलं, बाकी रंगमंचावर उभं राहून बोलायचं. पेटीवाला आणि पखवाजवाला त्याला उचलून धरतात. पुष्कळ दशावतारी दिवसा शेतात राबतात आणि रात्र रात्र असं काम करतात. आणि आपल्याला तोंड उघडायला शीटवरचा आकडा लागतो.

तिथेच मी ब्लेड्सच्या बारा क्रियांना मराठी नावं द्यायला घेतली. टिंकर म्हणजे खटपट. फिनेस म्हणजे हातसफाई. स्करमिश म्हणजे झटापट. सर्व्हे म्हणजे टेहळणी. कन्सॉर्टवर भाचा आणि मी भांडलो. त्याला ‘ओळखीपाळखी’ हवं होतं, मला ‘ऊठबस’. ऊठबस जिंकला. स्वे म्हणजे भुरळ. भुतांशी जुळवून घेण्याची जी क्रिया आहे, ॲट्यून, ती अर्धा दिवस अडली. मग आईनेच स्वयंपाकघरातून ‘संचार’ म्हटलं आणि प्रश्न मिटला. ते पान मी टाइप करून ठेवलंय. रोग, ते तुझ्यासाठी आहे. तू ‘दाराला कान लावतो’ म्हणालास की तिथे टेहळणी. आकडा मी शोधेन, तू श्वास रोखून धर.

या खेळातले खडेही सांगते, नाहीतर नंतर म्हणाल बाईने फसवलं. प्रत्येक फाशाआधी धोका किती आणि परिणाम किती, हे बोलून ठरवावं लागतं. सुरुवातीला त्यावर चर्चासत्र होतं. मोहिमेनंतरचा हिशेब (वाटणी, जखमा, व्यसन, पोलीस) कंटाळवाणा होऊ शकतो. कुडाळला भाचा तिथेच झोपला. विझार्ड, तुझी तीन पानी स्पेलची यादी जाईल. चौकोनांचा नकाशा आणि मिनी (त्यावर ठेवायच्या चिमुकल्या मूर्ती) ज्यांना खरंच प्रिय आहेत, त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होईल. बार्बेरियन, तू रंगवलेले ते सत्तावीस ओर्क मी माझ्या शोकेसमध्ये मानाने ठेवीन. आणि पॅलादिन, तुला गुन्हेगार व्हावं लागेल. तू सीए आहेस. जमेल.

अंधार, भुतं, चोऱ्या हे कुणाला नकोच असेल, तर त्याने दुसरं नाव सुचवावं. मी ऐकेन. १९८१पासून चालत आलेला ‘कॉल ऑफ कथुलू’ आहे. त्यात टक्केवारीचे फासे. ‘शोधक ५५’ लिहिलं असेल तर पंचावन्न किंवा खाली पडायला हवं, हे सासऱ्यांनाही एका वाक्यात कळलं. मेगाब्लॉकच्या रविवारी दोनच जण आले, तर उंदरांचा ‘माउसरिटर’ आहे, एका दुपारीत आटपणारा. पोलमध्ये दोन पर्याय होते आणि दोन्ही डी अँड डी होते. पन्नास वर्षांत इतके खेळ निघाले आणि आपण ताट बदलून तीच उसळ वाढून घेतो.

मागण्या :

मंगळवारचा पोल रद्द समजावा. नवं मतदान टेबलावर, तोंडी आणि प्रत्येकाने एक कारण सांगून.

मतदानाआधी ब्लेड्सची चार सेशन. चारच. नाही आवडली तर मी स्वतः विसाव्या लेव्हलपर्यंतची डी अँड डीची मोहीम मुकाट खेळेन आणि तीही लिहून काढेन.

ही चार सेशन डीएमने चालवायची नाहीत. मी चालवेन. साडेतीन वर्षांत त्याला एकदाही खेळाडू म्हणून बसायला मिळालेलं नाही. त्याने टोळीत यावं, उजवीकडे वळावं, मी काय तयारी केली आहे ती मोडावी.

टेबलावर कॅरेक्टर मराठीत बोलतील. फाशांचे, नियमांचे इंग्रजी शब्द असू द्या, ते आता आपलेच झालेत. पण ‘मी काय करतो’ हे वाक्य मराठीत.

तीन जण आले की सेशन होणार. ‘पुढच्या रविवारी सगळे असू तेव्हा’ हे वाक्य माझ्या घरात उच्चारायचं नाही.

आणि शेवटची मागणी, या चार सेशनच्याही आधीची. जुन्या पहिल्या कॅम्पेनचं एक सेशन आम्हाला हवंय, निरोपाचं. जुनी शीट्स माझ्याकडे प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये आहेत, माझ्या क्लेरिकच्या शीटवर आमटीचा डाग आहे, बाकी ठीक. डीएम, नकाशा काढू नकोस, आकडे जुळवू नकोस. आम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहोत. आत कोण गातंय ते सांग.

येत्या रविवारी दुपारी तीन. कल्याणहून येणाऱ्यांनी ब्लॉकचं वेळापत्रक आदल्या रात्री बघावं. चिवड्याची पाळी पॅलादिनची आहे, मनुके नकोत.

तुमची,
क्लेरिक
(टेबलाची मालकीण आणि वहीची कारकून)